खुर्चीमागचा माणूस

इतिहासाच्या पुस्तकातली चित्रे मजकुरापेक्षा जास्त वेळ पाहत बसायचे, ही माझी लहानपणापासूनची खोड. राजदरबाराची चित्रे तर मला फारच आवडतात. मध्यभागी राजा बसलेला असतो. प्रधान कागद पुढे करून उभा असतो. परराष्ट्राचा वकील मान लववत असतो. आणि राजाच्या खुर्चीमागे, जरा अंधारातच, एक माणूस उभा असतो. कमरेला तलवार, खांद्यावरून छातीवर लोंबणारा सोनेरी गोफ, चेहरा अगदी निर्विकार. चित्राखाली साऱ्यांची नावे छापलेली असतात. याचे मात्र बहुधा नसते.

मला नेहमी वाटते, की त्या दालनात सर्वांत जास्त ऐकतो तो हाच. वकील येतो आणि जातो, प्रधान बदलतो. हा तिथेच असतो. राजाचे डोके दुखत असले तर ते याला आधी कळते. आणि दरवाजा बंद झाल्यावर राजा मान वळवून “मग, तुम्हाला काय वाटते?” असे विचारतो, तेही यालाच.

फराळाच्या ताटापाशी बसून कुठल्या तरी प्रशियन सरदाराची कहाणी कशाला, असे घरातली मंडळी म्हणतील. त्यांचेही चूक नाही. पण चकली मोडता मोडता ऐकायला ही कथा बरी आहे. तिच्यात घोडे आहेत, द्वंद्वयुद्ध आहे, बर्फातून चाललेली एक उपाशी फौज आहे. आणि तुमच्या-माझ्या घरात कधी ना कधी उभा राहिलेला एक प्रश्नही आहे.

वर्गात जर्मनीच्या एकीकरणाचा धडा आला, की मुले तीन नावे घोकतात: बिस्मार्क, मोल्टके आणि रून. मुत्सद्दी, सेनापती आणि युद्धमंत्री. या तिघांच्या मागे, खुर्चीच्या सावलीत उभा असलेला चौथा माणूस म्हणजे एडविन फॉन मँटॉयफेल. मी कादंबऱ्या लिहितो. नायकांपेक्षा बाजूला उभी असलेली माणसे मला जास्त खुणावतात. म्हणून या गृहस्थाच्या मागे मी बरीच वर्षे आहे.

त्याचा जन्म १८०९ सालचा. घराणे खानदानी, पण गडगंज नव्हे. तो वाढला तो आपला चुलतभाऊ ओटो याच्याबरोबर; हा ओटो पुढे १८५० पासून १८५८ पर्यंत प्रशियाचा मुख्य प्रधान होता. एडविनने मात्र लेखणीऐवजी लगाम धरला. १८२७ साली तो बर्लिनच्या गार्ड ड्रॅगून पलटणीत दाखल झाला, आणि पुढच्याच वर्षी अधिकारी झाला. गार्ड म्हणजे राजाच्या खास तैनातीतले घोडदळ. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर हुजुरातीची पागा. या पागेत घोड्यावर बसणे जितके महत्त्वाचे, तितकेच घोड्यावरून उतरल्यावर नीट बोलता येणे महत्त्वाचे. एडविनला दोन्ही येत होते. शिवाय त्याला वाचनाचे वेड होते. लिओपोल्ड फॉन रांके या थोर इतिहासकाराशी त्याची दाट मैत्री जमली. पागेतल्या तरुणाने इतिहासकाराशी गप्पा माराव्यात, हे तेव्हाही नवलाचेच असणार.

लष्करी विद्यालयातला अभ्यास झाल्यावर तो अ‍ॅडज्युटंट झाला; आधी एका सेनापतीचा, मग राजपुत्र आल्ब्रेख्टचा. राजपुत्र आणि तो अगदी एका वयाचे. अ‍ॅडज्युटंट म्हणजे नेमके काय, हे इथे सांगायला हवे. आपण ‘ए. डी. सी.’ म्हणतो तो हाच. वरिष्ठांचे हुकूम पोचवायचे, भेटीला येणाऱ्यांना आत सोडायचे किंवा थोपवायचे, पत्रांचे मसुदे करायचे, आणि प्रवासात सावलीसारखे बरोबर राहायचे. प्रशियात राजाच्या अशा तरुण अ‍ॅडज्युटंटना ‘फ्लूगल-अ‍ॅडज्युटंट’ म्हणत. ‘फ्लूगल’ म्हणजे पंख. सेनापतीच्या दर्जाला पोचलेले ते ‘जनरल-अ‍ॅडज्युटंट’. पंख हा शब्द मला मोठा मार्मिक वाटतो. पंखाला स्वतःची दिशा नसते; पण पंखावाचून पक्षी उडत नाही.

१८४८ साल उजाडले आणि युरोपातली सिंहासने डगमगू लागली. मार्चमध्ये बर्लिनच्या रस्त्यांत लोकांनी अडथळे उभारले. १८ मार्चच्या रात्री सैन्य आणि नागरिक यांची चकमक झाली, अडीचशेहून अधिक नागरिक मेले. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रेते राजवाड्याच्या चौकात आणण्यात आली, आणि चौथ्या फ्रीड्रिख विल्हेल्म राजाला सज्जात येऊन त्यांच्यापुढे टोपी काढावी लागली. लोकांच्या दृष्टीने ही न्यायाची घटका होती. मँटॉयफेलसारख्या माणसाच्या दृष्टीने ती धन्याच्या मानहानीची घटका होती. त्याच वर्षी तो मेजर झाला, राजाचा फ्लूगल-अ‍ॅडज्युटंट झाला, आणि त्या टोपीची आठवण त्याने जन्मभर जपली.

इथून त्याची चढती कमान सुरू होते. राजा त्याला नाजूक कामगिरीवर पाठवू लागला. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी तो व्हिएन्नाच्या दरबारात जाऊन आला. मध्यंतरी त्याने एका भालाईत घोडदळ पलटणीचे नेतृत्वही केले. १८५७ साली त्याला ‘मिलिटरी कॅबिनेट’चे प्रमुखपद मिळाले. या खात्याला मी ‘लष्करी खासगी’ म्हणेन. कुणाला बढती, कुणाची बदली, कुणाला घरी बसवायचे, याची सारी टिपणे इथून राजापुढे जात. मँटॉयफेलने वय झालेल्या अधिकाऱ्यांना एकामागून एक निवृत्त केले. ज्यांना घरी बसावे लागले त्यांनी त्याला काय म्हटले असेल, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

त्याची दुसरी करामत याहून मोठी. प्रशियाला नुकतीच राज्यघटना मिळाली होती. राजाच्या हुकुमावर मंत्र्याची सही हवी, म्हणजे विधिमंडळापुढे कुणीतरी जबाबदार धरता येईल, असा तिचा अर्थ. १८ जानेवारी १८६१ ला राजाचा एक हुकूम निघाला: सैन्याच्या अंतर्गत कारभारात आणि नेमणुकांत राजाने दिलेल्या आज्ञांना मंत्र्याच्या सहीची गरज नाही. झाले! सैन्य आणि लोकप्रतिनिधी यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली, आणि त्या भिंतीला जे एक दार होते, त्याची किल्ली लष्करी खासगीच्या प्रमुखाकडे आली. राजाच्या कानाशी थेट जाण्याचा हक्क, हीच त्याची सत्ता. कसली गादी नाही, कसले खाते नाही, फक्त दार.

लोकांच्या ध्यानात हे आले नसते तरच नवल. कार्ल ट्वेस्टन नावाचा बर्लिनचा एक न्यायाधीश होता, उदारमतवादी, निर्भीड. त्याने १८६१ साली एक पुस्तिका लिहिली, आणि तीत मँटॉयफेल हा घातक जागी बसलेला घातक माणूस आहे, अशा आशयाचे लिहिले. पुस्तिकेवर लेखकाचे नाव नव्हते. मँटॉयफेलने नाव शोधून काढले आणि शब्द मागे घ्या म्हणून निरोप धाडला. ट्वेस्टनने नकार दिला. मे महिन्यात पिस्तुले घेऊन दोघे समोरासमोर उभे राहिले. सेनापतीची गोळी न्यायाधीशाच्या उजव्या हाताला लागली. मँटॉयफेलने पुढे होऊन हस्तांदोलनासाठी हात केला. ट्वेस्टनने, उजवा हात तुम्हीच निकामी केलात म्हणून डावा घ्या, असे म्हटल्याची गोष्ट सांगतात. द्वंद्वयुद्ध कायद्याने गुन्हा, म्हणून सेनापतींना थोडे दिवस किल्ल्यात कैदेत राहावे लागले. ती कैद त्याच्या वर्गात शिक्षा नव्हती, मानचिन्ह होते.

या प्रसंगाकडे जरा थांबून पाहा. ज्याने आपल्याला राज्याचा शत्रू ठरवले, त्याच्याशी हा माणूस कपटाने वागला नाही. ट्वेस्टनला नोकरीवरून उडवणे त्याला सहज जमले असते. पण त्याने त्याला आपल्या बरोबरीचा मानले, समोर उभे केले, स्वतःचाही जीव पणाला लावला, आणि मग हात पुढे केला. मानी माणसाची रीत म्हणून ती वाईट नव्हती. तरी मूळ प्रश्न राहिलाच: ट्वेस्टनने लिहिले होते ते खरे की खोटे? पिस्तुलाच्या गोळीने त्याचे उत्तर मिळत नाही.

सैन्याच्या सुधारणेवरून राजा आणि विधिमंडळ यांचा तंटा विकोपाला गेला. वर्षाला चाळीस हजारांच्या जागी त्रेसष्ट हजार जवान भरती करायचे, आणि तीन वर्षे नोकरीत ठेवायचे, असा राजाचा आग्रह होता. प्रतिनिधी पैसे मंजूर करीनात. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सची कहाणी इथे पुन्हा घडते आहे, असे मँटॉयफेलच्या मनाने घेतले होते. तडजोड म्हणजे शरणागती. बर्लिनमध्ये उठाव झालाच तर सैन्याने काय करायचे याचे आराखडेही तयार होते. १८६२ च्या सप्टेंबरात बिस्मार्क मुख्य मंत्री झाला आणि त्याने रक्त न सांडता, विधिमंडळाला फक्त बाजूला सारून, गाडा पुढे रेटला. आता एका राजाच्या कानाशी दोन माणसे झाली. १८६५ साली बिस्मार्क आणि रून यांनी मँटॉयफेलला बर्लिनबाहेर काढले. अर्थात बढती देऊन. मोठ्या माणसांना तसेच काढतात. तो श्लेस्विग प्रांताचा गव्हर्नर झाला.

त्या प्रांताला लागून असलेला होल्स्टाइन ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. १८६६ च्या जूनमध्ये बिस्मार्कला युद्धाला निमित्त हवे होते, आणि मँटॉयफेलने सैन्य घेऊन होल्स्टाइनमध्ये शिरावे असे ठरले. तो शिरला, पण ऑस्ट्रियन सेनापती गाब्लेन्झ याला त्याने अदबीने वाट करून दिली. वाद्ये वाजत, निशाण फडकत ती छोटी फौज निघून गेली. ठिणगी पडलीच नाही. बिस्मार्कचा संताप झाला. मला हे वाचताना हसू येते. जगाला आग लावायला पाठवलेल्या माणसाने काडी ओढायच्या आधी समोरच्याला “या, बसा” म्हणावे!

पण हसू फार टिकत नाही. सव्वा महिन्यातच फ्रांकफुर्ट येते.

फ्रांकफुर्ट हे स्वतंत्र नगरराज्य होते. राजा नाही, सरदार नाहीत, व्यापारी आणि सावकार आपल्यातूनच मेयर निवडत. युद्धात ते तटस्थ राहू पाहत होते. जुलैमध्ये प्रशियन सैन्य शहरात घुसले, आणि पहिल्या सेनापतीने सुमारे साठ लाख गुल्डन खंडणी वसूल केली. मग त्याच्या जागी मँटॉयफेल आला, आणि त्याने वर आणखी अडीच कोटी गुल्डन मागितले. मुदत तासांत मोजलेली. वरून तसा हुकूम होता. शहर हादरले. त्यानंतर शहरावर नेमलेल्या प्रशियन अधिकाऱ्याने मेयर कार्ल फेल्नर यांच्याकडे प्रतिनिधींची आणि धनिकांची नावे मागितली. म्हणजे कुणाच्या घरावर जप्ती न्यायची त्याची यादी. फेल्नरनी ती यादी लिहिली नाही. २४ जुलैला, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी गळफास घेतला. त्यांच्या मेहुण्याने कोरी यादी आणि तो दोर, दोन्ही त्या अधिकाऱ्याच्या हाती दिले, असे सांगतात. पुढे फ्रांकफुर्ट प्रशियात विलीन झाले, आणि ती अडीच कोटींची मागणी सोडून देण्यात आली. म्हणजे जिच्यापायी फेल्नर गेले, ती रक्कम कुणी घेतलीच नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. न्यायाधीशाला हात देणारा, ऑस्ट्रियन सेनापतीला वाट करून देणारा, तोच हा माणूस. मग मेयरच्या बाबतीत त्याचा मानीपणा कुठे गेला?

याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते घरात सापडले.

माझे आजोबा स्वातंत्र्यापूर्वी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहानशा संस्थानात खासगीकडे कारकून होते. कारकून हा कागदावरचा हुद्दा. खरे काम महाराजांच्या दाराशी उभे राहण्याचे. कोण आत जाणार, कोण ओटीवर थांबणार, कुणाचा अर्ज वर आणि कुणाचा गठ्ठ्याच्या तळाशी, हे त्यांच्या हाती. शब्दाचे पक्के, लाचेचा पैसा न शिवलेले, आणि धन्याच्या मिठाला जागणारे. संस्थान विलीन झाले त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे आजी सांगे.

माझ्या वडिलांना मात्र या साऱ्याचा मनस्वी तिटकारा. दरबारी पगडीतला आजोबांचा एक फोटो होता. वडिलांनी तो भिंतीवर कधी लावू दिला नाही. “हुजरेगिरीची आरास नको,” एवढेच म्हणत. लहानपणी मला वाटे, मुलाने बापाचा इतका राग का करावा? ते आजीकडून पुष्कळ उशिरा कळले. एका दुष्काळात सारा माफ व्हावा म्हणून गावोगावचे कुणबी अर्ज घेऊन आले होते. दोन दिवस ओटीबाहेर उन्हात बसले. महाराजांची तब्येत ठीक नव्हती. आजोबांनी त्यांना त्रास होऊ दिला नाही. तिसऱ्या दिवशी माणसे उठून गेली. वडील तेव्हा शाळकरी होते. त्या माणसांना पाणी नेऊन देणारा पोरगा तोच.

आजोबा दुष्ट नव्हते. म्हातारपणी ते स्वतःच एकदा मला म्हणाले होते, “बाळ, धन्यापाशी उभं राहणाऱ्याला धन्याचं तोंड दिसतं. पाठीमागं कोण उभं आहे, ते दिसत नाही.”

हे वाक्य आठवले आणि मी पुस्तक पुन्हा उघडले. मँटॉयफेलला माणसे दिसत; पण जी तलवार लावून, पदवी लावून, निदान पिस्तूल हातात घेऊन समोर उभी राहत, तीच. ट्वेस्टन समोर उभा राहिला. गाब्लेन्झ समोर होता. फ्रांकफुर्टचे सावकार, त्यांची वहीखाती, त्यांचा साधा काळा कोट घातलेला मेयर, ही सारी पाठीमागची माणसे. मानाचा कायदा त्यांना लागूच नव्हता.

पुढचा भाग रणांगणाचा आहे. १८७० साली फ्रान्सशी युद्ध पेटले. मँटॉयफेल मेट्झभोवतीच्या लढायांत होता. मग पहिल्या आर्मीचा सेनापती म्हणून त्याने नोव्हेंबरात आमियां जिंकले. जानेवारी १८७१ मध्ये त्याला दक्षिणेच्या आर्मीचे नेतृत्व मिळाले. फ्रेंच सेनापती बूर्बाकी पूर्वेकडे मोठी फौज घेऊन बेल्फोर सोडवायला निघाला होता. मँटॉयफेलने ऐन थंडीत, बर्फाने भरलेल्या डोंगरवाटांनी आपले सैन्य नेले. डाव्या हाताला लांग्र आणि उजव्या हाताला दिजाँ, दोन्हीकडे शत्रू. दिजाँमध्ये तर फ्रान्सच्या मदतीला धावून आलेला आपल्या ओळखीचा गॅरिबाल्डी होता. मँटॉयफेल दोघांच्या मधून निसटला आणि बूर्बाकीच्या पिछाडीला जाऊन बसला. कोंडी झाली. २६ जानेवारीला बूर्बाकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला, पण फौज निर्नायकी झाली.

दोनच दिवसांनी पॅरिसला तहकुबीचा करार झाला. मात्र पूर्वेकडचे तीन जिल्हे त्यातून वगळले होते, आणि फ्रेंच मंत्र्याने आपल्या लोकांना तार केली तीत हे वगळल्याचे कळवायचे राहून गेले. फ्रेंच शिपाई लढाई थांबली असे समजून थांबले. जर्मन थांबले नाहीत. एका राहून गेलेल्या वाक्याने फौज बुडाली. शेवटी १ फेब्रुवारीला, पहाटेच्या अंधारात करार करून, बूर्बाकीच्या जागी आलेल्या क्लँशांने ती फौज सरहद्दीपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये उतरवली. सुमारे ८७,००० माणसे आणि जवळजवळ १२,००० घोडे. ज्या देशाची लोकसंख्या तेव्हा सत्तावीस लाखही नव्हती, त्या देशाने या फाटक्या, हिमाने पाय सुजलेल्या परक्यांना गावोगाव वाटून घेतले, आणि सुमारे सहा आठवडे सांभाळले. तरी त्यांतले सतराशे परतलेच नाहीत. भुकेले घोडे झाडांची साल आणि एकमेकांच्या शेपट्या कुरतडत होते. त्या फौजेबरोबर रेडक्रॉसचे काम करणाऱ्या एदुआर कास्त्र या चित्रकाराने हे सारे पाहिले, आणि १८८१ साली सहकाऱ्यांच्या मदतीने शंभर मीटरांहून लांब असे वर्तुळाकार चित्र रंगवले. आज ते लुत्सर्न शहरात आहे.

एका घोडेस्वाराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय तो हाच: बर्फात उभे असलेले बारा हजार उपाशी घोडे.

तो काही बोलला का, त्याला काय वाटले, यावर कादंबरीकार म्हणून मी पाने भरू शकेन; पण इथे ती मुभा घेणार नाही. पुढे त्याने काय केले, तेवढेच सांगतो. जून १८७१ पासून फ्रान्समध्ये राहिलेल्या जर्मन फौजेचा तो प्रमुख झाला. फ्रान्सने पाच अब्ज फ्रँक दंड द्यायचा, आणि जसजसे हप्ते पोचतील तसतसे जर्मन सैन्याने मागे हटायचे, अशी अट होती. मँटॉयफेलचा तळ नान्सीला होता. पुन्हा जिंकलेले शहर, पुन्हा पैशाची मागणी, फ्रांकफुर्टसारखाच प्रसंग. पण या वेळी तो निराळा वागला. फ्रान्सचा अध्यक्ष थिएर याच्याशी त्याने सरळपणाचा व्यवहार ठेवला, शिपायांना धाकात ठेवले, कुठे तणाव वाढला तर आधी स्वतः मध्ये पडला. तो फ्रेंचांच्या फार आहारी गेला, अशी बिस्मार्कची कुरकुर सुरू झाली. फ्रान्सने दंड मुदतीच्या आधीच फेडला, आणि सप्टेंबर १८७३ मध्ये शेवटचा जर्मन शिपाई बाहेर पडला. त्याच महिन्यात मँटॉयफेल फील्ड मार्शल झाला.

१८७९ साली, सत्तरीच्या वयात, त्याला आल्सास-लोरेनचा कारभार मिळाला. फ्रान्सपासून तोडून घेतलेला हा प्रांत. १८७४ च्या निवडणुकीत तिथल्या पंधराच्या पंधरा जागांवर नव्या राजवटीचे विरोधक निवडून आले होते. बर्लिनचा राजाचा माणूस स्ट्रासबर्गला गेला, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती दार उघडण्याची. स्थानिक प्रतिष्ठितांना भेटू लागला, कॅथलिक धर्मगुरूंशी मिळते घेऊ लागला, जिंकलेल्या लोकांच्या भावना समजून घ्याव्यात असे सांगू लागला. जर्मन अधिकारी आणि वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली: हा मऊ आहे, हा फ्रेंचधार्जिणा आहे. १७ जून १८८५ ला, पाणी घेण्यासाठी कार्ल्सबादला गेला असता, तो वारला. आणि त्याच्यानंतर दोनच वर्षांनी, १८८७ च्या निवडणुकीत, त्या प्रांताने पुन्हा पंधराच्या पंधरा विरोधकच निवडून दिले.

म्हणजे सारे वाया गेले? तसे म्हणणारे म्हणतात. तो माणसे भेटली, ती पुन्हा प्रतिष्ठितच. गावचा शेतकरी आणि गिरणीतला मजूर त्याच्या ओटीवर कधी चढलाच नाही, असेही म्हणता येईल. शिवाय त्याने १८६१ मध्ये सैन्य आणि लोक यांच्यामध्ये जी भिंत बांधली, ती तो मऊ झाला म्हणून पडली नाही. एका म्हाताऱ्याच्या चांगुलपणापेक्षा त्याने तरुणपणी मिळवलेला हुकुमाचा कागद जास्त टिकतो. जर्मनीला त्या भिंतीची किंमत पुढे किती मोजावी लागली, ते विसाव्या शतकाने पाहिले. प्रशिया हे राज्यच १९४७ साली विजेत्या राष्ट्रांनी कायद्याने मोडून टाकले.

हे सगळे मला मान्य आहे. तरीही त्या शेवटच्या सहा वर्षांवरून माझी नजर हटत नाही. पन्नास वर्षे धन्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलेला एक माणूस सत्तराव्या वर्षी मान वळवतो, आणि पाठीमागे उभे असलेल्यांतल्या निदान काहींकडे पाहतो. स्वतःच्या लोकांच्या शिव्या खातो, पण मान पुन्हा फिरवत नाही. फेल्नर परत येत नाहीत. पण मान वळवणे सोपे नसते. ती एकाच बाजूला ठेवून ठेवून आखडलेली असते.

यंदा दिवाळीआधी घराला रंग दिला. भिंती मोकळ्या झाल्या, आणि ट्रंकेच्या तळातून आजोबांचा तो फोटो वर आला. वडील आता नाहीत. पत्नीने विचारले, “लावायचा का?” वडिलांचा राग खोटा होता असे मी कधीच म्हणणार नाही, उन्हातल्या माणसांना पाणी त्यांनी दिले होते, मी नव्हे. पण आजोबांचे ते वाक्यही खोटे नव्हते, आणि ते उच्चारायला त्यांना किती वर्षे लागली असतील!

फोटो मी लावला आहे. बैठकीत, मानाच्या जागी नव्हे. बाहेर ओटीवर, दाराच्या चौकटीशेजारी. तोंड घराकडे नाही. पायऱ्या चढून जो कुणी येईल, त्याच्याकडे.